बडनेऱ्याची गाडी, जामनगरचा किनारा आणि आमचा पाझर तलाव

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात चालणाऱ्या संशोधनाला आणि संवर्धनाला हातभार लावावा असं वाटतं. पैसे नाहीत, समुद्र अजून पाहिलेला नाही, पोहताही येत नाही. मी काय करू शकतो?”

पोहता मलाही येत नाही. लहानपणी मामानं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं, त्या दिवसापासून पोहणं या विषयाला मी हात लावलेला नाही. अमरावती जिल्ह्यात शेती करतो, कापूस आणि तूर. तरी गुजरातेत जामनगरला दोनदा जाऊन आलो, तुम्ही म्हणता ते उद्यान त्याच किनाऱ्यावर आहे. बडनेऱ्याहून थेट गाडी आहे. नरारा बेटावर समुद्र पायी पाहतात. ओहोटी लागली की पाणी मागे हटतं, प्रवाळांचा खडक उघडा पडतो आणि आपण घोट्याएवढ्या, फार तर गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालतो. वनखात्याची परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो. भारतातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ सालचं. अभयारण्य त्याच्या दोन वर्षं आधीचं. ओखा ते नवलखी असा सुमारे १७० किलोमीटरचा किनारा आणि ४२ बेटं.

तिथं मी पहिली गोष्ट केली ती चुकीची. धुऱ्यावरचा दगड उलटवून खाली विंचू आहे का पाहायची सवय. तसाच एक दगड उलटवला, खालचे इवले खेकडे पाहिले आणि दगड तसाच टाकून पुढे निघालो. वाटाड्यानं हाताला धरून मागं आणलं. दगडाच्या खालच्या अंगाला स्पंज, शिंपले, अंडी चिकटलेली असतात. ती वर आली की उन्हानं तासाभरात वाळतात. त्यानं दगड पुन्हा होता तसा ठेवायला लावला, वरची बाजू वर, खालची खाली. संवर्धनाचा माझा पहिला धडा हा. तो मला आधी कुठं वाचायला मिळाला नव्हता.

दुसरा धडा दोन विद्यार्थिनींनी दिला. आडव्या-उभ्या दोऱ्या ताणलेली एक चौकट त्या खडकावर ठेवायच्या, आत काय काय आहे ते मोजायच्या, मग ठरलेली पावलं टाकून पुढच्या जागी. मी बघत उभा राहिलो तशी एक म्हणाली, “काका, आकडे लिहून घ्याल का?” तिचं मराठी ऐकून बरं वाटलं, वही घेतली. अर्ध्या तासात कंटाळलो. एका चौकटीत वाळूशिवाय काही नव्हतं, तर तो रकाना मी कोराच सोडला. तिनं वही पाहिली आणि सगळ्या रकान्यांत शून्य लिहायला लावलं.

का ते मला लगेच कळलं, कारण आमच्या भागात पावसाचा हिशेब असाच बिघडलेला मी पाहिला आहे. पर्जन्यमापकाच्या वहीत रकाना कोरा असेल, तर त्या दिवशी पाऊस नव्हता की मोजणारा नव्हता? मग विम्याच्या वेळी गावात भांडणं. शून्य लिहिलेलं असलं की निदान कोणीतरी तिथं जाऊन पाहिलंय एवढं नक्की.

म्हणून तुम्हाला माझं उत्तर असं की समुद्रावर जायची घाई करू नका, आधी आपल्या गावी मोजायला शिका. ही बोळवण नाही, सांगतो.

हिवाळ्यात आखाताच्या चिखलावर लाखो किलोमीटर उडालेल्या पंखांची गर्दी असते. (लाखो हे माझं काव्य, हजारो म्हणा.) त्यातला खेकडे खाणारा काळापांढरा क्रॅब प्लोव्हर आपल्याकडे तलावावर दिसायचा नाही, तो किनाऱ्याचाच. पण छोटा टिलवा, तुतारी, चिखल्या हे पक्षी दोन्हीकडे असतात. टिलवा तीसेक ग्रॅमचा जीव, उत्तर सायबेरियाच्या टुंड्रात अंडी घालतो आणि आमच्या पाझर तलावाच्या काठावर गाळात चोच खुपसत थंडी काढतो. आता समजा, एखाद्या वर्षी जामनगरच्या मोजणीत टिलवे कमी भरले. ते मेले, की यंदा पाऊस चांगला झाला म्हणून आत, आपल्यासारख्यांच्या तलावांवर उतरले? किनाऱ्यावर कितीही नेटानं मोजलं तरी हे तिथून कळत नाही. त्याला आतल्या तलावांचे आकडे लागतात. एकट्या आमच्या तलावानं काही सिद्ध होत नाही, असे शेकडो लागतात. शहराजवळच्या तलावांवर दर रविवारी दुर्बिणी असतात. आडगावच्या तलावावर तुमच्याशिवाय कोण जाणार आहे?

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. २०२५ च्या जानेवारीत जामनगरच्या सागरी उद्यानात किनारी आणि पाणथळ पक्ष्यांची खास गणना झाली, त्यात बाहेरगावचे पक्षीनिरीक्षकही होते. आणि ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल, ज्यात ९४२ जातींचा आढावा आहे, तो सुमारे तीस हजार लोकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या नोंदींवर उभा आहे. त्यातले बहुतेक आपल्यासारखेच हौशी.

पद्धत सोपी आणि कंटाळवाणी. एकच तलाव, तोच काठ, सकाळची तीच वेळ, तेवढीच मिनिटं. दिसले ते सगळे पक्षी लिहायचे, फक्त आवडीचे नाही. ओळखू आला नाही तर ‘अनोळखी टिलवा’ लिहा, अंदाजानं नाव ठोकू नका. मी हे नऊ वर्षं करतोय. एका वर्षी पावसानं दगा दिला आणि तलाव जानेवारीतच तडकला. तरी वही घेऊन गेलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, “कोरड्या तलावात काय मोजून राह्यले जी तुम्ही?” पानभर शून्यं होती. माझ्या मते त्या वहीतलं सगळ्यात कामाचं पान तेच आहे.

बुद्धपौर्णिमेला प्राणी मोजायला जंगलात मचाणावर बसायची आपल्याकडे झुंबड उडते. बसा जरूर, चांदण्यात पाणवठ्यावर अस्वल आलेलं पाहणं यासारखं सुख नाही. पण वाघांचे आकडे त्यातून निघत नाहीत, ते स्वयंचलित कॅमेऱ्यांतून आणि ठरलेल्या रेषांवरच्या पायपिटीतून निघतात. मौज आणि मोजणी यांत फरक करता आला की किनाऱ्यावरही तुमची अडचण होणार नाही.

दोनेक वर्षांच्या नोंदी जमल्या की मग किनाऱ्यावरच्या गणनेसाठी अर्ज करा. तेव्हा दाखवायला हातात काहीतरी असेल. बीएस्सीला आहात तर संख्याशास्त्राचा तास बुडवू नका. संशोधकांकडे फोटो आणि आकडे ढिगानं पडून असतात, ते लावायला माणूस मिळत नाही, आणि ते काम यवतमाळला बसून होतं. पैसे नाहीत म्हणता, तर तो विषय सोडा. पुढे कधी द्याल तेव्हा पेट्रोल, बूट, संशोधन करणाऱ्या मुलांची खानावळ अशा रुक्ष खर्चाला द्या, त्यालाच कोणी देत नाही.

आपल्या फवारणीचं पाणी समुद्रात जातं म्हणून शेतातूनच उद्यान वाचवा, असंही कोणी सांगेल. अर्धं खरं आहे. आमची पेढी नदी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. तुमची बेंबळा नदी वर्धेतून, प्राणहितेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. कच्छच्या आखातात यातलं कुठलंच पाणी थेट जात नाही. फवारणी कमी करा, पण स्वतःच्या विहिरीसाठी.

आणि जाल तेव्हा तिथून प्रवाळाचा तुकडासुद्धा खिशात घालून आणू नका. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण आहे. मेलेला तुकडा होता म्हटलं तरी कायदा ऐकत नाही.

तिकीट अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं काढा. उधाणाच्या दिवसांत भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, पाणी पार आत जातं. दिनदर्शिकेतली तिथी पेरणीसाठी पाहतो तशीच पाहायची. मी पहिल्या खेपेला अष्टमी धरून गेलो होतो. पाणी नीट हटलंच नाही, आणि घरून बांधून नेलेली भाकर-चटणी किनाऱ्यावर बसून खाल्ली आणि परत आलो.