स्टीलहेड आणि ट्राउटसाठी फ्लाय घरी बांधणं परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की ऑरेगनला आल्यावर नुकतीच फ्लाय फिशिंगला सुरुवात केली आहे, दुकानात एक फ्लाय (हूकवर पिसं-केस बांधून केलेलं खोटं आमिष) तीन-चार डॉलरला मिळते, तर व्हाइस (हूक घट्ट धरणारा छोटा शिकंजा) वगैरे घेऊन घरी बांधल्या तर पैसे वाचतील का?

नाही वाचणार. पंधरा वर्षं बांधतोय. माझ्या कपाटात आज जेवढी पिसं, केस आणि हूक पडून आहेत, तेवढ्या पैशांत जन्मभर पुरतील एवढ्या फ्लाय विकत आल्या असत्या. तरीही बांधा.

हा ‘परवडतं का’ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आमचे मेहुणे सिएटलला असतात, तेही मासे धरतात, आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हाच विषय काढतात. एका वर्षी त्यांनी कागद घेऊन हिशोबच मांडला. व्हाइसचे इतके, पिसांचे इतके, एका फ्लायला माझी वीस मिनिटं, माझ्या पगाराचा तासाचा दर इतका. “जावईबापू, ही एक फ्लाय तुम्हाला चाळीस डॉलरला पडते,” असं सगळ्यांसमोर म्हणाले. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. पुढच्या सप्टेंबरात आम्ही दोघं मॉपिनला गेलो, तेव्हाचं सांगतो.

मॉपिन हे डेशूट्स नदीवरचं छोटं गाव. खालच्या डेशूट्सवर होडीत बसून मासे धरायला मनाई आहे. होडी फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यापुरती, गळ टाकायचा तर उतरून पाण्यात उभं राहायचं. दोन्ही बाजूंना बसाल्टचे कडे, तळाला शेवाळलेले गोटे, पाण्याला भयंकर ओढ. मेहुण्यांनी एका दुकानातून ‘ग्रीन बट स्कंक’ नावाच्या नमुन्याच्या डझनभर फ्लाय आणल्या होत्या. दिसायला देखण्या. काळं अंग, त्यावर चंदेरी जरीचे वेढे, मागे पोपटी ठिपका, लाल शेपटी, वर पांढऱ्या केसांचा पंख. माझ्याकडे त्याच नमुन्याच्या सहा होत्या, हिवाळ्यात बांधलेल्या. त्यांनी दोन मला दिल्या. त्या फ्लायची डोकी, म्हणजे हूकच्या डोळ्याजवळचा दोऱ्याचा शेवट, माझ्या फ्लायपेक्षा बारीक आणि नेटकी होती, म्हणून मी त्यांतलीच लावली.

पश्चिमेच्या कड्यामागे सूर्य गेला आणि पाण्यावरचं ऊन सरलं. स्टीलहेडची, म्हणजे समुद्रात जाऊन नदीत परतणाऱ्या ट्राउटची, हीच वेळ. तिरपं खाली टाकायचं, दोर सावरायचा, फ्लाय प्रवाहात झुलत काठाकडे येऊ द्यायची, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा टाकायचं. वीसेक वेळा टाकल्यावर फ्लाय तपासली तर डोक्याचा दोरा सुटलेला, हॅकल, म्हणजे गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस, उलगडून मागे लोंबत होतं. बांधणाऱ्याने शेवटी नुसती एक अर्धगाठ मारून सोडून दिलं होतं, सिमेंटचा, म्हणजे डोक्यावर लावायच्या डिंकाचा, थेंबसुद्धा नव्हता. दुसरी लावली. तीही दहा मिनिटांत तशीच.

मग माझी लावली. त्याच पट्ट्यात, अगदी शेवटी, फ्लाय काठाजवळ येऊन थांबायच्या बेतात असताना ओढ आली. अशा वेळी काठी उचलायची नाही. हातातली दोराची सैल वेटोळी माशाला नेऊ द्यायची, तो वळला की हूक आपोआप बसतो. तो खाली पळाला, रिळावरचा मागचा राखीव दोरही बराच गेला, दोनदा पाण्याबाहेर उसळला. मादी होती, अठ्ठावीस इंचांची. पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत होता, म्हणजे रानटी मासा. हॅचरीत वाढवलेल्यांचा तो पर कापलेला असतो. पाण्यातच धरून हूक काढला आणि सोडून दिली. फ्लाय हातात घेऊन बघितली, एक धागा हललेला नव्हता.

मेहुणे म्हणाले, “नशीब.”

तो शब्द मला अजून लागतो. मासा मिळणं नशीब असेल, मान्य. पण फ्लाय टिकली ते नशीब नव्हतं. माझं बालपण वेंगुर्ल्याला गेलं. आजोबा खाडीवर गरी टाकायला न्यायचे. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, बांधताना ते प्रत्येक वेळी एकच गोष्ट बजावायचे, “गाठ आवळूच्या आदी थुकी लाव रे, नायतर तंगूस जळता.” सात-आठ वर्षांचा असेन, मला तो त्यांचा काहीतरी विधी वाटायचा. कोरडा नायलॉन जोरात आवळला की घासून तापतो आणि त्या जागी कच्चा होतो, हे मला इथे आल्यावर कळलं. गाठ सुटली तर आजोबा रागवायचे नाहीत, पण सुटलेली गरी हातात देऊन ‘बघ’ म्हणायचे. मी व्हिप फिनिश, म्हणजे दोरा स्वतःखालीच गुंडाळून मारायची शेवटची गाठ, दोनदा करतो, प्रत्येक वेळी पाच-सहा वेढ्यांचं, त्यावर सिमेंट, वाळलं की परत सिमेंट. मेहुण्यांच्या हिशोबातल्या वीस मिनिटांपैकी चार याच कामात जातात.

आणि तासाचा दर कुठल्या तासांना लावायचा? डिसेंबरात पोर्टलंडला साडेचारला अंधार पडतो, बाहेर पावसाची रिपरिप. त्या वेळी मला कोणी पगार देत नाही. 2021 च्या उन्हाळ्यात परतलेले मासे इतके कमी होते आणि पाणी इतकं तापलं होतं की नॉर्थ अम्पक्वा नदी मासेमारीला बंदच करावी लागली. त्या मोसमात मी एकही स्टीलहेड पाहिला नाही. संध्याकाळी व्हाइससमोर बसायचो, एवढाच काय तो नदीशी संबंध उरला होता. चाळीस डॉलरच्या हिशोबात हे कुठे लिहायचं ते मेहुण्यांनी सांगावं.

तुमच्याकडे वळतो. सुरुवात स्टीलहेडच्या फ्लायपासून करा. बहुतेक जण उलटं सांगतील. पण समुद्रातून आलेला हा मासा नदीत फारसं खातच नाही. उन्हाळ्यात शिरतो, अंडी घालेपर्यंत महिनोन् महिने तिथे असतो, आणि तरीही समोरून काहीतरी झुलत गेलं तर तोंड मारतो. स्कंक कुठल्याही किड्यासारखी दिसत नाही. त्यामुळे तुमचं प्रमाण थोडं चुकलं तरी मासा हिशोब विचारत नाही. शिवाय चार-सहा नंबरचा हूक मोठा असतो, बोटांना सवय होते. नवशिक्याची ठरलेली चूक एकच, हूकच्या डोळ्याजवळ जागा न ठेवणं. मग डोकं फुगतं, डोळा बुजतो, गाठीला आधारच राहत नाही. डोळ्याएवढी जागा मोकळी सोडूनच अंग संपवा.

ट्राउटचं वेगळं आहे. तो रोज खातो, आणि त्याला काय खायचं ते पक्कं माहीत असतं. डेशूट्सचे रेडसाइड (तिथले ट्राउट) संध्याकाळी कॅडिस नावाच्या पाणकिड्यांवर तुटून पडलेले असताना त्यांना भलतंच दाखवाल तर ढुंकून बघणार नाहीत. तिथे एल्क हेअर कॅडिस बांधा. एल्क या मोठ्या हरणाचा केस आतून पोकळ असतो, म्हणून फ्लाय तरंगते. त्याआधी फेझंट टेल ही बुडणारी फ्लाय. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर ती बांधायचे तेव्हा दोरा वापरतच नसत, तांब्याची बारीक तार आणि फेझंटच्या शेपटीचे धागे, बस्स. तारेनेच बांधायचं आणि तारेनेच वजन द्यायचं. सोळा नंबरच्या बारीक हूकवर (नंबर वाढला की हूक लहान) अशा दोन डझन बांधल्यात की हात बसतो.

किट घेऊ नका. त्यातली निम्मी पिसं कधीच वापरली जात नाहीत. एका नमुन्याचं सामान घ्या, त्याच्या वीस फ्लाय बांधा, मग दुसरा नमुना. व्हाइस मात्र बरा घ्या. जबड्यात हूक हलत असेल तर दोऱ्याला ताण देताच येत नाही, आणि सगळी कला त्या ताणात आहे. दोरा तुटायच्या जरा अलीकडे हात थांबला पाहिजे.

पिसांचं एक सांगायचं राहिलं. मी पहिल्यांदा कोंबड्याच्या मानेचं कातडं घेतलं, ते भारतातून आलेलं होतं. इथे ‘इंडियन केप’ स्वस्तात मिळतात. ते पीस मऊ असतं, पाणी पितं, तरंगणाऱ्या फ्लायला कुचकामी. पण स्कंकसारख्या बुडणाऱ्या फ्लायला मला तेच आवडतं, प्रवाहात छान हलतं. तरंगणाऱ्या फ्लायला मात्र अमेरिकेत मुद्दाम जोपासलेल्या कोंबड्यांचं लांब, ताठ हॅकलच लागतं. ते महाग असतं. 2011 च्या सुमारास केसांत पिसं माळायची फॅशन आली तेव्हा ते दुकानांतून गायबच झालं होतं. मेहुण्यांना तेव्हा फार आनंद झाला होता.

भारतातून येताना मात्र पिसं आणू नका. जुन्या सॅमन फ्लायमध्ये ‘जंगल कॉक’ म्हणून जे मेणासारख्या ठिपक्यांचं पीस वापरतात, ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. आंबोलीच्या जंगलात पहाटे त्याची बांग ऐकली आहे मी. भारतात त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. परदेशी मिळतं ते पाळून वाढवलेल्या पक्ष्यांचं, कागदपत्रांसकट. मोरपिसंसुद्धा भारतातून बाहेर न्यायला बंदी आहे. मेहुण्यांनी एकदा ‘गावाहून आणतो की पिशवीभर, फुकट’ असं म्हटलं होतं, मी चक्क नको म्हणालो. मोराच्या पिसाचे धागे इथल्या दुकानात मिळतात, तिथूनच घ्या.

आणि निघण्यापूर्वी त्या नदीचे त्या वर्षीचे नियम वाचा, मोसमाच्या मध्येच बदलतात. काही ठिकाणी हूकच्या टोकाचा उलटा काटा चालत नाही. माझ्या मते तो कुठेच ठेवू नये, रानटी मासा सोडताना त्याने जखम मोठी होते. तो काटा दाबायचा तर हूक व्हाइसला लावायच्या आधीच पक्कडीने दाबा. फ्लाय बांधून झाल्यावर दाबायला गेलात आणि टोक तुटलं, तर तेवढी सगळी मेहनत फुकट जाते.