डब्याच्या काचा पांढुरक्या का होतात?

प्रश्न : एचओ मापाचा (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान) आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) धाटणीचा मॉडेल रेल्वेचा स्लीपर डबा किटमधून जोडला. दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या काचांवर पांढरा थर दिसला. गजही जाड वाटतात. काय चुकलं?

उत्तर : काचा सुपरग्लूने चिकटवल्या असणार. सुकताना त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते, आणि छत लगेच लावलं की ती आतच कोंडते. पातळ थर प्लॅस्टिक पॉलिशने निघतो; दाट असेल तर सरळ काच बदला. नवी काच पांढऱ्या फेविकॉलने फक्त कडांना लावा, रात्रभर सुकू द्या. आधी गज, मग रंग, काच सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नका.

गजांना ०.२ मिमीची पितळी तार घ्या. खऱ्या मापात ती सुमारे १७ मिमी भरते. ०.५ची तार ४३ मिमी होते, म्हणून डोळ्यांत खुपते. दाराच्या दांड्यांना ०.४ची तार, भोक ०.५चं. तारेवर प्रायमर हवाच, नाहीतर रंग नखानेही सुटतो.

छत बंद करण्याआधी वजन करा. २४५ मिमी लांबीच्या डब्याला साधारण १६५ ग्रॅम हवेत. हलका डबा वळणावर घसरतो. भर घालायची ती तळाशी, दोन्ही बोगींवर (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांवर) सारखी.