कार्ड जळलेलं नाही, त्याचा ड्रायव्हर गेलाय

प्रश्न : सर, बाबांच्या दुकानातलं पेन्टियम थ्री मशीन मी फ्रीबीएसडी १२ (विंडोजसारखी, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून घरच्या फायली ठेवायला वापरत होतो, मस्त चालत होतं. मग १३ला अपग्रेड केलं आणि नेटवर्क गायब. आधी यादीत नेटवर्क कार्ड ईडी० नावाने दिसायचं, आता फक्त एलओ०, म्हणजे मशीनचं स्वतःशीच बोलणारं आतलं कनेक्शन, दिसतं. कार्डवरच्या चिपवर रियलटेक ८०२९ लिहिलंय. रिपेअरवाला म्हणतो कार्ड जळलं, मशीन भंगारात द्या. खरंच द्यायचं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात देऊ नका! आधी रूट (मशीनचा मुख्य वापरकर्ता) होऊन 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही' ही मशीनमधल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड चालवा. यादीत रियलटेकचं नाव असेल आणि ओळीच्या सुरुवातीला ईडी०च्या जागी 'नन' असेल, तर मशीनला कार्ड व्यवस्थित दिसतंय, फक्त ते चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिममधला छोटा प्रोग्राम, उरलेला नाही. ८०२९ ही एनई२००० या जुन्या कार्डाच्या जातीची, १० एमबीपीएस वेगाची चिप, ती ईडी ड्रायव्हरवर चालायची, आणि २०२१च्या एप्रिलमध्ये आलेल्या १३.०मधून ईडी, ईपी, डीई असे बरेच जुने ड्रायव्हर काढून टाकले. कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) नेटवर्कचा भाग बदलला की प्रत्येक ड्रायव्हर दुरुस्त करायचा, आणि तपासायला ते जुनं कार्ड हाताशी असणारी माणसं कमी, त्यामुळे निर्णय मला पटतो, पण वाईट वाटतंच. १२ बूट होताना 'हा ड्रायव्हर १३मध्ये जाणार' अशी ओळ यायची, पण भराभर पळणाऱ्या त्या मजकुरात ती कोणाच्या लक्षात येणार. १२वर परत जाऊ नका, त्याचा सपोर्ट २०२३च्या शेवटी संपला.

सगळ्यात सोपं म्हणजे जुन्या बाजारातून रियलटेक ८१३९चं कार्ड आणा, आपल्याकडे त्या काळी असेम्बल केलेल्या पीसीत हेच भरपूर बसवलेलं असायचं. ते आरएल ड्रायव्हरवर चालतं आणि तो ठेवलाय. चिप साधीच आहे, आलेलं प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला मेमरीत कॉपी करावं लागतं, ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉलनी कोडमध्येच तिच्याबद्दल बरंच कडू लिहून ठेवलंय. म्हणून इंटेल प्रो/१०० किंवा थ्रीकॉमचं ३सी९०५ मिळालं तर मी तेच घेईन, त्यांचे एफएक्सपी आणि एक्सएल हे ड्रायव्हरही शाबूत आहेत. यूएसबीचा अडॅप्टर मात्र नको, एवढ्या जुन्या मशीनला बहुतेक यूएसबी १.१च असतं, १२ एमबीपीएसच्या वर जाणारच नाही.

हेच कार्ड चालवायचं असेल तर फ्रीबीएसडीच्याच कुळातल्या नेटबीएसडी किंवा ओपनबीएसडी टाका, दोघांतही एनई ड्रायव्हर आहे आणि पीसीआयवरचं ८०२९ तो आपणहून ओळखतो. लिनक्समध्ये त्यासाठी एनई२के-पीसीआय आहे. तुमचं मशीन ३२ बिटचं आहे आणि फ्रीबीएसडी १५पासून तसल्या पीसीसाठी निघतच नाही, म्हणून माझा कल नेटबीएसडीकडे. फक्त डिस्क पुसण्याआधी सगळ्या फायली दुसरीकडे काढून घ्या, डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावावी लागली तरी चालेल.

आणि फ्रीबीएसडीवरच राहून कार्ड बदललंत तर आरसी डॉट कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये जिथे जिथे ईडी० आहे तिथे नवीन नाव टाका, म्हणजे ८१३९ असेल तर आरएल०, फायरवॉलच्या नियमांतसुद्धा, नाहीतर चांगलं कार्ड बसवूनही आयपी मिळणार नाही आणि परत वाटेल की हेही जळलं.