झाडं आवडतात, गणित नको: लँडस्केप आर्किटेक्ट होता येईल का?

दहावीचा निकाल लागला की माझ्यासारख्या करिअर समुपदेशिकेला पालकांचे फोन सुरू होतात. त्यातला एक प्रश्न अलीकडे बऱ्याचदा ऐकते. ‘मुलीला झाडांची खूप आवड आहे. गणिताचा मात्र कंटाळा, चित्रकला बेताची. लँडस्केप आर्किटेक्चरला घातली तर जमेल का?’ बहुतेकांच्या मनात या व्यवसायाचं चित्र म्हणजे हिरवळ, कुंड्या आणि एखादं कारंजं. आवड आहे म्हणजे जमेल, असा त्यावरून काढलेला हिशेब.

तन्वी माझ्याकडे अशीच आली. नाव बदललं आहे, आणि ही हकिगत घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. विक्रोळीला कन्नमवार नगरात पुनर्विकास झालेल्या इमारतीत राहणारं कुटुंब. वडील बेस्टमध्ये, आई घरी ब्लाउज शिवते. अकरावी सायन्सचा फॉर्म भरायचा होता आणि तन्वीचं ठरलं होतं: बायोलॉजी घ्यायचं, गणित सोडायचं. झाडांमध्येच काम करायचं तर गणित कशाला?

वडिलांची काळजी वेगळी होती. ती त्यांनी मुलीला बाहेर बसवून सांगितली. “मॅडम, स्पष्टच बोलतो. पाच वर्षं आर्किटेक्चर, वर दोन वर्षं हे. एवढं शिकून लोक विचारणार मुलगी काय करते, तर मी काय सांगू? माळीकाम?”

मला या वाक्याचा राग येतो, पण ते विचारण्यात त्यांची चूक नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी एवढं शिकणार असतं, तिथे ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न फीइतकाच खरा असतो. मी म्हटलं, “अहो, चांगला माळी मिळणं या शहरात फार कठीण आहे, तो भेटला तर तुमच्या मुलीचं नशीब. पण दोघांची कामं वेगळी. इमारतीच्या भिंतीबाहेर जे जे उरतं, म्हणजे चढउतार, पाण्याची वाट, पायवाटा, पायऱ्या, बसायच्या जागा, सावली, दिवे, झाडं, त्या सगळ्याचा आराखडा लँडस्केप आर्किटेक्ट करतात. झाडं त्यातला एक भाग.”

गणिताचं मात्र लगेच सांगून टाकलं, कारण फॉर्मची मुदत जवळ होती. आपल्याकडे या व्यवसायात शिरायचा सगळ्यात रुळलेला रस्ता बी.आर्क.मधून, म्हणजे आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या पदवीतून जातो. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, शिवाय नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. टक्क्यांच्या आणि बाकी विषयांच्या अटी बदलत राहतात, त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचावं. पण सोळाव्या वर्षी कंटाळा म्हणून गणित सोडलं तर अठराव्या वर्षी हे दार बंद असतं. बायोलॉजी हवं तर जोडीला ठेव, म्हटलं. तन्वीचा चेहरा पडला.

अभिरुची चाचण्या माझ्याकडे आहेत, त्या मी घेतेही. पण या व्यवसायासाठी माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. ‘तुम्हाला निसर्ग आवडतो का?’ याला नाही म्हणणारं पोर मला अजून भेटायचंय. त्यापेक्षा मी गृहपाठ देते. तन्वीला दिलेला असा: तुमच्या इमारतीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर जी बाग आहे, ती मोजून काढ. पाऊस पडताना पाणी कुठून कुठे जातं ते बघ. आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तिथे कोण येतं, कुठे बसतं, हे लिहून ठेव. पावसाळा नुकताच लागला होता, त्यामुळे पावसासाठी थांबावं लागणार नव्हतं.

ती परत आली तेव्हा वहीची बरीच पानं भरलेली होती. मोजमाप टेपने घेतलं होतं. चढउतार काढायला तिने गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब आणली होती. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं. तिथून खाली फरशीपर्यंत मोजलं की कुठली जागा किती खाली ते कळतं. हे तिला शेजारच्या इमारतीच्या कामावरच्या मिस्त्रींनी शिकवलं. धाकट्या भावाला एका टोकाला उभं केलं होतं. निष्कर्ष असा निघाला की फरशीचा उतार गटाराच्या जाळीकडे असायला हवा होता, तो लिफ्टच्या लॉबीकडे होता. सोसायटीत याच पाण्यावरून दर पावसाळ्यात भांडणं होत होती आणि सगळे माळ्याला बोल लावत होते.

मग आम्ही दोघी गणिताला बसलो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पोडियम साधारण ६०० चौरस मीटरचा. मुंबईत तासाभरात ५० मिलिमीटर पडणं काही नवलाचं नाही. म्हणजे ३०,००० लिटर, सोसायटीत येतो तसे दहा हजार लिटरचे तीन टँकर, एका तासात. ते कुठून जाणार? किती रुंद गटार, किती जाळ्या? फरशीला शंभरात एक उतार द्यायचा तर दहा मीटरवर किती खाली यावं लागेल? “दहा सेंटिमीटर,” ती पटकन म्हणाली. या कामातलं रोजचं गणित बरंचसं याच जातीचं असतं: गुणोत्तर, उतार, क्षेत्रफळ, घनफळ. कठीण नाही, पण चुकलं तर पाणी लोकांच्या घरात जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो तन्वीच्या जन्माआधीचा, पण घरात तिने त्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. आकडा आणि गोष्ट तिला पहिल्यांदाच एकत्र दिसली.

दुसरा मुद्दा आंब्याचा. जुन्या चाळीतल्या आंब्याच्या आठवणीने आजोबांनी पोडियमवर कलम लावलं होतं आणि ते वाढत नव्हतं. तन्वीने काठी खुपसून पाहिलं तर माती जेमतेम ४५ सेंटिमीटर, खाली स्लॅब. मी विचारलं, मग आणखी माती का नाही टाकत? भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरतं. ४५ सेंटिमीटर म्हणजेच चौरस मीटरला आठशे-नऊशे किलो. मोठ्या झाडाला किमान मीटर-सव्वा मीटर खोली हवी, तर तेवढं ओझं स्लॅबच्या हिशेबात आधीच धरलेलं असायला हवं. म्हणून लँडस्केपवाल्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बोलता यावं लागतं, आणि तेही इमारत कागदावर असताना. स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, मुळं अडवणारा थर, पाणी वाहून जाऊ देणारा ड्रेन सेलचा पोकळ थर, गाळणीचं कापड आणि मग माती, हा क्रम मी तिला कागदावर काढून दाखवला. पोडियमवरची बाग ही बिल्डरांनी काढलेली नवी टूम आहे असं आपल्याला वाटतं. मलबार हिलचं हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवर आहे, तेही एकोणिसाव्या शतकापासून. तिथे जाऊन कुठे हिरवळ आहे, कुठे झुडपं आणि कुठे मोठी झाडं, एवढंच बघून ये म्हटलं.

चित्रकलेची भीतीही तिथेच गेली. इंटरमिजिएटला तिला ‘सी’ ग्रेड होती, त्यामुळे आपला हात वाईट हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. मी तिला आंबा काढायला सांगितला नाही. पोडियम सुरीने उभा कापला तर काय दिसेल ते काढ म्हटलं. ओबडधोबड रेषांनी तिने स्लॅब, माती, मूळ, कठडा आणि शेजारी उभा माणूस काढला, सगळं प्रमाणात. हा सेक्शन. माझ्या मते या क्षेत्रात सुंदर निसर्गचित्रापेक्षा सेक्शन काढता येणं जास्त महत्त्वाचं. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलेल्या आराखड्यात, झाड म्हणजे नुसता हिरवा गोल, त्यात कुणालाही फसवता येतं. ऑटोकॅड, स्केचअप ही आराखड्यांची सॉफ्टवेअर कॉलेजात शिकवतात, नकाशांसाठी क्यूजीआयएस फुकट मिळतं. ते हातात बसायला सरावच लागतो.

पण मला खरी खात्री पटली ती वहीच्या तिसऱ्या भागाने. सकाळी आज्या चालायला येतात, पण बाकांना पाठ नाही म्हणून कठड्याला टेकून उभ्या राहतात. संध्याकाळी मुलं आणि सेक्रेटरी यांची क्रिकेटवरून वादावादी. आणि दुपारी: ‘कामवाल्या मावशी रॅम्पच्या कडेला डबा खातात, कारण बाक सगळे उन्हात आहेत आणि तिथे सावली फक्त रॅम्पवर पडते.’ हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी वडिलांना वही वाचायला दिली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

झाडांची आवड कामाची नाही असं मी म्हणत नाही. ती ज्ञानात बदलावी लागते, एवढंच. गुलमोहर मेमध्ये फुललेला सगळ्यांना आवडतो. तो मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, आणि पहिल्या वादळी पावसात गाड्यांवर पडणाऱ्यांत तो असतोच. सप्तपर्णी पावसाळा संपल्यावर फुलते, तेव्हा तिच्या उग्र वासाने खिडक्या बंद कराव्या लागतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि भेंड टिकतात. आपलं राज्यफूल ताम्हण ओलसर जमीन सोसतं. झाड वीस वर्षांनी केवढं होईल, पानं कधी गाळेल, कुणाच्या डोक्यावर काय पडेल, हे लावतानाच डोळ्यांपुढे यायला हवं. त्यासाठी राणीच्या बागेत वर्षभर, वेगवेगळ्या ऋतूंत जाणं याला पर्याय नाही. माहीमचं निसर्ग उद्यानही मी दाखवायला सांगते: कचऱ्याच्या डेपोवर उभं केलेलं ३७ एकरांचं रान, १९९४ साली लोकांसाठी खुलं झालं. जमीन कशी सुधारायची, हे तिथे समोरच आहे. कायद्याचीही ओळख हवी. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या सोसायटीतलं झाडसुद्धा महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता किंवा हलवता येत नाही.

ज्यांना खरंच फक्त झाडांमध्ये रमायचं आहे, आराखड्यांत नाही, त्यांना मी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे पाठवते. उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी, नर्सरी, महापालिकेचं उद्यान खातं, मोठ्या संकुलांची देखभाल, हा सन्मानाचा रस्ता आहे. फक्त ‘आर्किटेक्ट’ हे बिरूद १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येतं. लँडस्केपसाठी आपल्याकडे अशी वेगळी नोंदणी नाही, म्हणूनही बहुतेकजण आधी बी.आर्क. करून मग दोन वर्षांचा मास्टर्स करतात: दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पुण्याचं भानुबेन नानावटी कॉलेज. प्रवेशाच्या अटी संस्थेगणिक वेगळ्या.

पैशाबद्दल वडिलांना गोड बोलून चालणार नव्हतं. सुरुवातीची वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात पगार बेताचा आणि तास भरपूर असतात. खासगी कॉलेजची फी जड जाते, म्हणून सरकारी आणि अनुदानित जागांसाठी नाटाचे गुण महत्त्वाचे, आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म वेळेत भरायचे. त्यांनी सगळं एका जुन्या डायरीत उतरवून घेतलं.

तन्वीने गणित ठेवलं, बायोलॉजीही ठेवलं. बारावीला गणितात गुण काही थोर नव्हते, पण पुरले. आता ती बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि लँडस्केप करायचं की जुन्या इमारतींचं जतन, यावर तिचं अजून ठरत नाही. अभ्यासक्रमातलं प्रॅक्टिकल ट्रेनिंग तिने लँडस्केपच्या ऑफिसात करायचं, साइटवर उन्हात उभं राहून कंत्राटदाराशी बोलणं झेपतं का ते बघायचं, आणि मास्टर्ससाठी कर्ज काढायचा विषय त्यानंतरच, असं आम्हा तिघांचं बोलणं झालं आहे.