आधी आकडा बोल, मग कॅमेरा उचल

पोरी,

काल तू गेल्यावर तुझा तो गणपतीतला फोटो मी पुन्हा उघडून पाहिला. कॅमेरा कपाटाला टेकवला होतास, म्हणून मखर अगदी स्वच्छ आलंय, मोदकांचं ताटही. आणि आरती ओवाळणारी तुझी आजी? नुसता जरीचा एक ओघळ. फोटोची माहिती काढली : शटर (उजेड किती वेळ आत येतो) १/८ सेकंद, एफ, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) ५.६, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) १००. आणि तू मला विचारत होतीस, "काका, आता कुठली लेन्स घेऊ?"

कुठलीही घेऊ नकोस.

आयएसओ १०० च्या वर नेला की नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, येतो, असं कुणीतरी सांगितलं आणि तू ते वेदवाक्य धरून बसलीस. जरा हिशेब कर. १०० चे २००, मग ४००, ८००, १६००. झाल्या चार पायऱ्या; पायरी म्हणजे दर वेळी दुप्पट किंवा निम्मं. तेवढ्याच पायऱ्या शटर चढतं : १/८ वरून १/१५, १/३०, १/६०, १/१२५. १/१२५ ला आजीचा हात थांबला असता. थोडा नॉइज आला असता, येऊ दे की! शिवाय तू लांब उभं राहून झूम ५५ मिमीपर्यंत ताणला होतास. लेन्सवर ३.५-५.६ लिहिलंय ते उगाच नाही. ५५ वर अ‍ॅपर्चर ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. घोळक्यात शिरली असतीस, लेन्स १८ वर आणली असतीस, तर ३.५ मिळाला असता. म्हणजे सव्वा पायरीहून जास्त उजेड, एक पैसाही न खर्चता.

पण माझा राग आयएसओवर नाही. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी तू काहीच ठरवलं नव्हतंस, यावर आहे. उजेड बघ, आकडा, म्हणजे शटर, एफ आणि आयएसओ किती ते, मोठ्याने बोल, मगच कॅमेरा उचल. चुकेल, चुकू दे. पण आधी बोल.

आम्ही फिल्मच्या रोलवर शिकलो. ३६ फोटो, धुऊन येईपर्यंत काय निघालंय याचा पत्ता नाही. रोलच्या खोक्यावर आतल्या बाजूला ऊन, ढग, सावली यांची चित्रं छापलेली असत आणि पुढे आकडे. लख्ख उन्हात एफ १६ आणि आयएसओ असेल तेवढंच शटर, म्हणजे १०० ला साधारण १/१२५. ढगाळ असेल तर एफ ८. ते पाठ होतं, कारण चूक परवडायची नाही. तुला परवडते, तू हजार फोटो काढून हजार पुसू शकतेस. म्हणून तर तुला हे जास्त सांगतोय.

आता एक गोष्ट सांगतो, मी ती फारशी कुणाला सांगत नाही. २००६ साली मी पहिला डिजिटल एसएलआर घेतला. वीस वर्षं हाताने आकडे लावलेला माणूस, पण नव्या यंत्राला भुललो आणि चक्र हिरव्या ऑटोवर, म्हणजे सगळे आकडे कॅमेराच ठरवतो त्यावर, ठेवून कोकणात गावी गेलो. माझी आजी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. वर कौलांमध्ये एक काचेचं कौल होतं. त्यातून उजेडाची तिरीप धुरातून उतरून थेट तिच्या हातांवर पडली होती. मी ते बघितलं, कॅमेरा उचलला, बटण दाबलं. फ्लॅश आपोआप वर आला आणि उडाला. धूर पांढराफटक झाला, तिरीप गेली, आजीने डोळे मिटले. "कसला रे तो उजेड," म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला. पौषात ती गेली. तो एकच फोटो आहे माझ्याकडे, आणि त्यात तिरीप नाही.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिले सहा महिने ऑटोला हात लावू देत नाही. काही जण सोडून गेले. हट्टी आहे म्हणतात. आहे. आकडा आधी बोलायची सवय मोडली नसती तर मी तो फ्लॅश दाबून बंद केला असता, त्याला अर्धा सेकंद लागतो. कुणी कितीही समजावलं तरी यात मी बदलणार नाही.

आणि कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नकोस. समोर काय आहे हे त्याला कळत नाही, तो सगळ्याला मधला करडा समजतो. दिवे घाटात पांढऱ्या सदऱ्या-धोतरातले वारकरी फ्रेमभर घे, तो त्यांना मळकट करून ठेवेल. तिथे एक पायरी उजेड वाढवायचा. काळ्या म्हशीला उलट, एक पायरी कमी. हे तुला दिसतं, त्याला दिसत नाही. मग ठरवायचं कुणी?

महिनाभर घरातली एकच खिडकी घे. सकाळ, दुपार, दिवेलागण. दर वेळी आधी आकडा वहीत लिही, मग मोजून बघ किती पायऱ्या चुकलीस. पहिल्या आठवड्यात तीन-तीन पायऱ्या चुकशील. रडू नकोस, माझ्याही चुकायच्या.

पुढच्या रविवारी चारला ये. वही आण. आणि येताना तुझ्या आजीलाही घेऊन ये, माझ्या पश्चिमेच्या खिडकीत तेव्हा ऊन असतं. आकडा तू बोलायचास.

तुझा,
काका