गाव महापालिकेत गेलं की शेतजमीन आपोआप बिनशेती होते का?

नाही. हद्द वाढली म्हणून सातबारा बदलत नाही. जमिनीवर काय बांधता येईल हे महापालिकेच्या विकास आराखड्यात ती कुठल्या झोनमध्ये (शेती, निवासी वगैरे) आहे यावर ठरतं. मुंबईची हद्द १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, तरी त्या हद्दीतल्या गोराईत आजही शेती दिसते.

माझ्या मते खरा तोटा वेगळाच आहे. ग्रामपंचायत जाते, तिच्याबरोबर ग्रामसभाही. गुरचरण, तळं, स्मशानाची जागा यांवर गावकऱ्यांना समोरासमोर जाब विचारता यायचा, तो हक्कच संपतो. हद्दीचा वाद लांबतोही: कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावं १९८३ ला महापालिकेत आत, २००२ ला बाहेर आणि २०१५ ला पुन्हा आत, अशी लढत राहिली.

प्रारूप आराखडा (विकास आराखड्याचा मसुदा) प्रसिद्ध झाला की आपल्या जमिनीच्या गट क्रमांकावर रस्ता, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलंय का ते नकाशात बघा आणि मुदतीतच लेखी हरकत देऊन पोच घ्या.