इम्प्लांटवरचा ‘लेप’, ‘मुलामा’ की ‘थर’?

विचारणा अशी आहे: दंतोपचारांच्या एका माहितीपत्रकाचे भाषांतर करताना टायटॅनियमच्या मिश्रधातूपासून केलेल्या इम्प्लांटवरील (जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम दंतमुळावरील) ‘सरफेस कोटिंग’ला ‘पृष्ठभागीय लेप’ म्हणावे, ‘मुलामा’ म्हणावे की ‘आवरण’?

मी ‘थर’ सुचवतो. ‘पृष्ठभागीय’ हे विशेषण तर गाळूनच टाकावे, कारण असा थर पृष्ठभागावाचून दुसरीकडे कुठे असणार? मात्र केवळ नाम बदलून काम भागणार नाही. ‘कोटिंग’ या एका शब्दाखाली कारखान्यात प्रत्यक्ष वेगवेगळ्या क्रिया होतात, आणि त्यांची क्रियापदे निराळी ठेवली नाहीत तर योग्य नाम वापरूनही विधान चुकते.

‘लेप’ म्हटले की मराठी माणसाला उगाळलेली सुंठ किंवा चंदन आठवते. लेप ओला असतो, हाताने लावला जातो, वाळतो आणि धुतला की निघतो. माहितीपत्रकात हा शब्द वाचणाऱ्या रुग्णाचा असा समज होईल की डॉक्टर इम्प्लांट बसवण्यापूर्वी त्याला एखादे औषध लावतात. शास्त्रीय मराठीत ‘विद्युत् विलेपन’ (इलेक्ट्रोप्लेटिंग) रूढ आहे, त्यामुळे पाठ्यपुस्तकात ‘विलेपन’ खटकणार नाही. रुग्णासाठी मात्र तो शब्द जड आहे.

‘मुलामा’ मला सर्वांत गैरसोयीचा वाटतो. अरबीतून फारसीवाटे आलेल्या या शब्दाच्या मुळाशी चकाकण्याचा अर्थ आहे, आणि मराठीत त्याला ‘आत हलके, वर भारी’ अशी छटा चिकटली आहे. इथे तर चावण्याचा सारा भार आतला धातूच पेलतो. वरचा थर हाडाशी सांधा चांगला जुळावा म्हणून असतो. हिरडीतून वर येणाऱ्या जोडभागावर कधी कधी टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर असतो, जेणेकरून धातूचा करडेपणा हिरडीतून दिसू नये. त्याला ‘सोनेरी मुलामा’ म्हटले, तर त्यात सोने असल्याचा गैरसमज जवळजवळ निश्चित आहे. ‘आवरण’ वेगळे काढता येते, म्हणून तेही नको.

आता क्रियापदांकडे वळू. टायटॅनियम हवेच्या संपर्कात येताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप धरतो. ओरखडा पडला, तरी तो तत्काळ पुन्हा धरतो. हा थर कोणी दिलेला नसतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क या संशोधकांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले, तेव्हा ते शुद्ध टायटॅनियमचे होते आणि हाडाची गाठ पडली ती याच ऑक्साइडशी. म्हणून इथे ‘थर धरतो’ किंवा ‘थर बसतो’ असे अकर्मक क्रियापदच हवे.

हायड्रॉक्सिॲपटाइट हे हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेले कॅल्शियम फॉस्फेट आहे. त्याची भुकटी अत्यंत तप्त प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित वायूतून, धातूवर फवारली जाते आणि वितळलेले कण तेथे घट्ट होतात. हा ‘चढवलेला’ थर होय. त्याची जाडी बहुधा काही दशक मायक्रोमीटर, म्हणजे नैसर्गिक ऑक्साइडच्या थराच्या हजारो पट असते. थर आणि धातू यांच्या सीमेवर पकड सुटण्याचा धोका या पद्धतीत असतो, आणि त्यासाठी मराठीत नवा शब्द घडवण्याची गरजच नाही: भिंतीवरचा रंग सुटतो तसे त्याचे ‘पोपडे निघतात’.

ॲनोडायझिंगमध्ये यांपैकी काहीच होत नाही. द्रावणात बुडवलेल्या धातूतून वीज सोडली की धातूचाच वरचा भाग ऑक्साइडमध्ये बदलत जातो. येथे थर ‘वाढवला’ जातो. पातळ थरांवर सोनेरी किंवा गुलाबी छटा दिसतात, पण त्या प्रकाशाच्या व्यतिकरणाने (थराच्या दोन्ही बाजूंवरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्याने), म्हणून ‘रंग दिलेला’ असे लिहिणे चूक ठरेल.

सर्वाधिक घोटाळा होतो तो ज्यांवर कसलाही थर नसतो अशा इम्प्लांटबाबत. आज प्रचलित असलेल्या एका पद्धतीत धातूवर कठीण कणांचा मारा करतात आणि नंतर तो आम्लाने कोरतात. त्यात काही चढवले जात नाही, उलट थोडा धातू काढला जातो. पाट्याला टाकी लावावी तसाच हा प्रकार आहे. त्याला ‘खडबडीत केलेला पृष्ठभाग’ म्हणावे. तेथे ‘लेप’ किंवा ‘थर’ लिहिल्यास ती भाषेची नव्हे, वस्तुस्थितीची चूक होते.

‘इम्प्लांट’ हा शब्द मात्र तसाच ठेवावा. दवाखान्यात तोच बोलला जातो, आणि ‘दंतरोपण’ शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवता येतो. मिश्रधातूचा उल्लेख ‘वजनाने सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेला टायटॅनियमचा मिश्रधातू’ असा एकदा पुरा करून पुढे ‘मिश्रधातू’ एवढेच लिहावे.

तेव्हा मूळ मजकुरात फवारलेले हायड्रॉक्सिॲपटाइट अभिप्रेत असल्यास ‘हे इम्प्लांट टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असून त्यावर हायड्रॉक्सिॲपटाइटचा थर चढवलेला आहे’ असे वाक्य करावे. मजकुरात प्रक्रिया सांगितलेलीच नसेल, तर ती उत्पादकाला विचारून घ्यावी आणि मगच क्रियापद ठरवावे.